खुर्ची उचलू नये

मरिसेला ओचोआनं आयुष्यातली पहिली चोरी केली ती भर सकाळी, अख्ख्या गल्लीच्या देखत, आणि वर गाणं गुणगुणत.

चोरीचा माल म्हणजे एक खुर्ची. स्टीलच्या पायांची, पिवळ्या रेक्झिनची, बसायच्या जागी काळी चिकटपट्टी मारलेली. रस्त्याच्या कडेला एकटीच उभी होती. आदल्या रात्री पिट्सबर्गवर गुडघाभर बर्फ पडला होता. तरीही कुणा भल्या माणसानं तिच्या चारी बाजूंचा बर्फ उपसून, मोठा थोरला चौकोन लख्ख करून, खुर्ची बरोब्बर मधोमध मांडली होती. नेणाऱ्याचे पाय भिजू नयेत म्हणून!

'काय सुसंस्कृत शहर आहे,' असं मनाशी म्हणत मरिसेला खुर्ची डोक्यावर घेऊन घरी गेली.

तिच्या बाजूनं बोलायचं तर ती टूसॉनची. वाळवंटातली. तिच्या गावी बर्फ सरबतात असतो. नोकरीसाठी नाताळाच्या सुमाराला इथे आली तीच एक पण करून, की यंदाचं वर्षभर गरजेपलीकडचं काहीही विकत घ्यायचं नाही. अन्न, औषध, साबण, बसचा पास चालेल. बाकी कुणी फुकट दिलं तर घ्यायचं, नाहीतर राम म्हणायचं. खुर्ची कुणी दिली नव्हती. त्यामुळे ती खिडकीच्या कट्ट्यावर ताट ठेवून, सुटकेसवर बसून जेवायची. सुटकेस चाकांची होती. दर घासाला मरिसेला ताटापासून थोडी लांब जायची.

पिवळ्या खुर्चीवर बसून तिनं टोस्टचा पहिला तुकडा मोडला... आणि ती जागच्या जागी राहिली! डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं.

तेवढ्यात दार वाजलं. तळमजल्यावरच्या मिसेस डोराझियो.

"आज वरून चाकांचा आवाज आला नाही," त्या दारातूनच म्हणाल्या. "म्हटलं, मेलीस की काय बघावं." मग त्यांना खुर्ची दिसली. त्यांनी छातीवर क्रूस काढला. "कुठून आणलीस?"

"रस्त्यावरून. फुकट होती."

"बर्फ काढलेल्या जागेत होती?"

"हो ना! इतक्या छान—"

"अगं पोरी, ती खुर्ची नाही. ती गाडी आहे."

मग उलगडा झाला. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तशी या शहरात खुर्ची टाकून पार्किंगची जागा धरतात. ज्यानं बर्फ उपसला, जागा त्याची. तो परत येईपर्यंत खुर्ची पहारा करते. हा कायदा कुठेही लिहिलेला नाही, त्यामुळे सगळे पाळतात.

"या गल्लीत दोन घटस्फोट झाले, एकदा आग लागली," मिसेस डोराझियो म्हणाल्या, "पण खुर्ची कुणी हलवली नव्हती."

"मग आता माझं काय होईल?"

"ते कसं सांगू? कुणी हलवलीच नव्हती ना."

मरिसेला खुर्ची डोक्यावर घालून जिना उतरली ती धावतच. पण उशीर झाला होता. त्या लख्ख चौकोनात एक पांढरी धिप्पाड व्हॅन आरामात उभी होती. आणि रस्त्याच्या मध्येच, आपल्या छोट्याशा गाडीचं दार उघडं टाकून, लाल कानटोपीवाला एक उंच तरुण त्या व्हॅनकडे बघत होता... नुकत्याच वारलेल्या माणसाकडे बघावं तसा. त्याच्या चष्म्यावर वाफ धरली होती. त्यानं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. खुर्ची तरीही स्वतःच्या पायांनी चालत येत होती.

"ही माझी खुर्ची आहे," तो म्हणाला.

"परतच आणतेय! मला वाटलं... फुकट आहे."

"फुकट."

"तुम्ही बर्फ इतका सुंदर काढला होता, की मला वाटलं — नेणाऱ्याच्या सोयीसाठी..."

तो बघतच राहिला. मग त्याच्या ओठाचा डावा कोपरा जरासा हलला. उजव्यानं अजून परवानगी दिली नव्हती.

"बसलात तिच्यावर?"

"एका टोस्टापुरती."

"कशी वाटली?"

"पाय डुगडुगतो. डावा."

"माझी आजीही हेच म्हणायची. कुठल्या तुम्ही?"

"टूसॉन."

"हां. मग ठीक. इथल्या असतात तर पोलीस बोलवावे लागले असते."

"माझ्या अटकेसाठी?"

"संरक्षणासाठी."

आणि मग उजवा कोपराही हलला. मरिसेलाला जाणवलं, आपण अजूनही खुर्ची डोक्यावरच धरून उभ्या आहोत, आणि हा माणूस हसताना त्याच्या चष्म्यावर पुन्हा वाफ धरतेय.

तिनं त्याला दुसरी जागा उपसून द्यायचं कबूल केलं. फावडं मात्र तिच्याकडे नव्हतं. ती वरून केक भाजायचा ट्रे घेऊन आली.

"फावडं घ्यायला हवं तुम्ही," तो म्हणाला.

"यंदा नाही."

त्यानं कारण विचारलं नाही. आपलं फावडं तिला दिलं आणि स्वतः ट्रे घेतला. त्याचं नाव एमिल हुडाक. ट्रेनं बर्फ काढायला बसलेला माणूस कुणाला देखणा दिसत असेल असं मरिसेलाला वाटलं नव्हतं. पण दिसत होता खरा.

"मी कान तपासते," ती मध्येच म्हणाली. "म्हणजे नोकरी. लोकांना बारीक बारीक आवाज ऐकवायचे. ऐकू आला की त्यांनी हात वर करायचा. तुम्ही?"

"कोपऱ्यावर दुकान आहे माझं. भेटवस्तूंचं."

फावडं तिच्या हातून निसटलं. त्यानं अफूचा अड्डा म्हटलं असतं तरी ती इतकी दचकली नसती.

कारण मरिसेलाला स्वतःसाठी कधीच काही नको असायचं. तिचं दुखणं वेगळंच होतं. कुणाच्या दारात रिकाम्या हातानं उभं राहणं तिला जमतच नसे. शेजारी, पोस्टमन, ऑफिसातला नवा माणूस, कुणाचीही सुटका नव्हती. दाढ काढायला गेली तर दाढ काढणाऱ्याला सुगंधी मेणबत्ती. टूसॉनमधला तिचा ड्वेन तिला सोडून गेला तेव्हा त्याला ट्रक मागवावा लागला. कॉफीच्या यंत्रापासून घोड्याच्या खोगिरापर्यंत सगळं तिनंच दिलेलं. (घोडा नव्हता. घोडा पुढच्या वाढदिवसाला होता.) ट्रकमध्ये चढताना ड्वेन गहिवरला होता. "तुझी आठवण येईल," म्हणाला. "तुझी निवड फार छान होती."

ट्रक गेल्यावर मरिसेला रिकाम्या घरात बराच वेळ उभी होती. आजवर जी जी दारं उघडली ती आपल्यासाठी, की हातातल्या पिशवीसाठी? तिला खरंच ठाऊक नव्हतं. म्हणून हे वर्ष. बहीण योलांडा फोनवर म्हणाली होती, "कपडे-बिपडे सोडशील गं तू. पण एखाद्या आवडत्या माणसाच्या दारात हात हलवत जाऊन दाखव. तिथे तुझी खरी परीक्षा."

एमिलला तिनं यातलं अर्धंच सांगितलं. पणाचं सांगितलं, परीक्षेचं नाही.

"म्हणजे मी तुमचं कुपथ्य," तो म्हणाला.

"कडक."

"वा! आजवर मी कुणाचंच नव्हतो."

त्यानंतर कामावरून येताना मरिसेलाची वाट दुकानावरून जायला लागली. वाट पूर्वी तिकडून नव्हती. आता तिथून जवळ पडायला लागली. उंबरठा मात्र ती ओलांडायची नाही. एमिल पिवळी खुर्ची फुटपाथवर आणून ठेवायचा, स्वतः खोकं उलटं करून दारात बसायचा, अर्धा आत, अर्धा बाहेर, आणि दोघं कॉफी प्यायचे. जागा शोधणारे गाडीवाले जवळ येऊन चक्रावायचे. खुर्ची असली की जागा धरलेली असते, हे त्यांना माहीत होतं. खुर्चीवर बाई असली तर काय, हे कुणालाच माहीत नव्हतं.

काचेआड एक चिनीमातीचा हिरवा बेडूक होता. अ‍ॅकॉर्डियन वाजवत असलेला. चेहऱ्यावर अपार दुःख.

"हा कुणी घेत नाही का?" तिनं एकदा विचारलं.

"घेतात ना. दरवर्षी. माझ्या वाढदिवसाला."

"म्हणजे?"

"नातेवाइकांना मला काय द्यावं सुचत नाही. मग माझ्याच दुकानात येतात, मलाच विचारतात, 'एमिल, तुझ्यासारख्या माणसाला काय आवडेल?' बेडूक उचलतात. मीच कागदात गुंडाळून देतो. संध्याकाळी मलाच मिळतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा काचेत."

"नको म्हणून सांगायचं."

"सांगतो. त्यांना वाटतं, लाजतोय."

ती इतकी हसली की खुर्चीचा डावा पाय टकटक वाजायला लागला. एमिल मात्र कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला.

"दुकानात येणारा प्रत्येक जण दुसऱ्याच कुणासाठी आलेला असतो," तो म्हणाला. "तुम्ही पहिल्या, ज्या..."

"ज्या काय?"

"ज्या आतच येत नाहीत."

हे त्याला म्हणायचं नव्हतं, एवढं तिला कळलं. कानांची परीक्षा घेऊन घेऊन न बोललेलंही थोडंफार ऐकू यायला लागतं.

"माझे कान तपासा ना," तो घाईघाईनं म्हणाला. "बहुतेक बिघडलेत."

"डोळे मिटा. उजव्या कानात ऐकू आलं तर उजवा हात, डाव्यात आलं तर डावा."

त्यानं डोळे मिटले. मरिसेला त्याच्या कानाशी झुकली... आणि विसरली, की काहीतरी आवाज करायचा असतो. कॉफीचा वास, ओल्या लोकरीचा वास, आणि त्याच्या कानाच्या पाळीवर विरघळत असलेला बर्फाचा एक कण. एमिलनं हळूच उजवा हात वर केला.

"मी काहीच वाजवलं नव्हतं," ती म्हणाली.

"मला आलं ऐकू."

ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस सुरू झाले. या शहरात उपास म्हणजे दर शुक्रवारी चर्चच्या तळघरात जाऊन, ताटाबाहेर शेपटी लोंबेल एवढा मोठा तळलेला मासा खायचा. अन्न पणात बसत होतं. दोघं शेजारी शेजारी बसले, कोपराला कोपर लागत होतं, आणि गर्दी होती म्हणून कुणीच कोपर काढून घेत नव्हतं. गर्दी पांगल्यावरही कुणी काढलं नाही.

"मीठ दे," एमिल म्हणाला आणि लालबुंद झाला. "द्या. मीठ द्या."

"दे चालेल," मरिसेला माशाकडे बघत म्हणाली. "घे."

असं सगळं मजेत चाललं असताना एमिलनं घोटाळा केला.

"रविवारी ये. वरच राहतो मी, दुकानाच्या वर. पिरोगी करणार आहे, बटाटा भरून उकडलेल्या."

"काय आहे रविवारी?"

"काही नाही." तो चष्मा पुसायला लागला. तो पुसायचं काही कारण नव्हतं. "वाढदिवस."

त्या शनिवारी मरिसेलानं आपल्या खोलीत इतक्या येरझाऱ्या घातल्या, की मिसेस डोराझियो वर आल्या. तिनं त्यांना सगळं सांगितलं. पणाचंही, परीक्षेचंही.

"मग तू घेऊ नकोस. मी घेते," मिसेस डोराझियो म्हणाल्या. "मी कुठे पण केलाय? तू फक्त माझ्याकडून फुकट घे. बसतंय ना नियमात?"

बसत होतं. अगदी चोख बसत होतं, म्हणूनच मरिसेलाला ते खटकलं. तरी ती हो म्हणाली. मिसेस डोराझियो कोट चढवून गेल्या आणि अर्ध्या तासात हात हलवत परत आल्या.

"काय झालं?"

"मी अगदी आडून विचारलं हो. म्हटलं, भेट हवीय एका माणसासाठी. तुझ्याच उंचीचा, तुझ्याच वयाचा, तुझ्यासारखाच चष्मा."

"अरे देवा."

"तर म्हणाला, तुम्हाला मरिसेलानं पाठवलं का? मी म्हटलं, ते मी सांगणार नाही, तिनं शपथ घातलीय."

"मिसेस डोराझियो!"

"म्हणून विषय बदलायला मी बेडकाकडे बोट दाखवलं. तर म्हणाला, बेडूक विकायचा नाही. त्या माणसाकडे सगळं आहे म्हणाला. एकच गोष्ट नाही, ती माझ्या दुकानात आत येत नाही." त्यांनी कोटाची गुंडी काढली. "कुठली गोष्ट गं? मागवायची असती एखादी."

मरिसेलाचे कान गरम झाले. पण भीती गेली नाही. लोक असंच म्हणतात. ड्वेनही म्हणायचा, 'कशाला गं आणलंस,' आणि हात पुढे केलेला असायचा. उद्या एमिलही दार उघडेल. आधी तिच्याकडे बघेल. मग तिच्या हातांकडे. आणि त्या दोन बघण्यांच्या मध्ये चेहऱ्यावर जे काही होईल, ते पाहण्यापेक्षा घोडा घेतलेला परवडला.

रविवारी पुन्हा बर्फ पडला. मार्च संपत आला होता, पण पिट्सबर्गला कुणी कळवलं नव्हतं. मरिसेला निघाली, आणि तिच्या लक्षात आलं की रिकामे हात नेमके ठेवायचे कुठे, हे तिला कुणी शिकवलेलंच नाही. खिशात घातले तर काही लपवल्यासारखं वाटत होतं, मागे बांधले तर तपासणीला आल्यासारखं. ती परत फिरली. फ्रीजमधलं अर्धं लोणी घेतलं. लोणी म्हणजे अन्न. जिन्यात मिसेस डोराझियोंनी ते तिच्या हातातून काढून घेतलं.

"बरं आठवणीनं आणलंस. मला हवंच होतं. जा आता."

कोपऱ्यापर्यंत ती बर्फ तुडवत गेली. रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्यांच्या नुसत्या पांढऱ्या गाद्या झाल्या होत्या. मुंगी उभी करायला जागा नव्हती. फक्त एमिलच्या दुकानासमोर एक चौकोन लख्ख उपसलेला होता. मधोमध पिवळी खुर्ची. आणि दारात एमिल — गाल लाल, विजार गुडघ्यापर्यंत ओली.

"तुझी गाडी कुठाय?" तिनं विचारलं. दुसरं काही सुचेना.

"टेकडीवर. वर. तिथून चालत आलो."

"मग ही जागा कशी काय रिकामी?"

"रिकामी नाही. धरलीय."

"कुणासाठी?"

"तुझ्यासाठी."

"एमिल... माझ्याकडे गाडी नाही."

"माहितीय."

बर्फ पडताना आवाज होत नाही. त्यामुळे पुढचं वाक्य फार मोठ्यानं ऐकू आलं.

"मी काहीही आणलेलं नाही," मरिसेला म्हणाली. आणि जेवायच्या आधी हात धुतल्याचं दाखवावं तसे तिनं दोन्ही हात पुढे केले. "बघ. काही नाही."

एमिलनं आधी तिच्याकडे बघितलं. मग हातांकडे. चष्म्यावर वाफ आली, त्यानं ती पुसली, आणि पुन्हा सावकाश बघितलं.

"दोन्ही रिकामे?"

"दोन्ही."

"बरं झालं," तो म्हणाला. इतक्या मनापासून, की जणू सकाळपासून त्याच काळजीत होता. "भरलेले असते तर धरले कसे असते?"

आणि त्यानं ते धरले.

मरिसेलानं सोडलेल्या श्वासाची एवढी मोठी वाफ झाली, की दोघं क्षणभर एकमेकांना दिसेनासे झाले. किती वर्षांचा श्वास होता कोण जाणे!

"आता उजवा कान," एमिल म्हणाला. तो झुकला आणि काहीतरी बोलला. इतकं बारीक, की तिच्या दवाखान्यातल्या यंत्रालाही जमलं नसतं. तीनच शब्द होते. मरिसेलानं उजवा हात वर केला. तो त्याच्याच हातात होता, त्यामुळे दोघांचे वर गेले.

त्याच वेळी कोपऱ्यावरून एक गाडी जागा शोधत हळूहळू येत होती. भर रस्त्यात हात वर झालेले बघून चालक कचकन थांबला. मग काच खाली करून म्हणाला, "ओ ताई, तुमची गाडी निघतेय का येतेय?"

"डोळे फुटले का रे तुझे?" गल्लीच्या मधल्या एका खिडकीतून मिसेस डोराझियो ओरडल्या. त्यांच्या हातात अर्धं लोणी होतं. "खुर्ची आहे ना तिथे!"

"सॉरी, सॉरी," म्हणत गाडी मुकाट्यानं मागे गेली.

मरिसेला खुर्चीवर टेकली. डावा पाय डुगडुगला. एमिलनं बुटाचं टोक त्याच्याखाली सरकवलं आणि डुगडुग थांबली.

"आत येतेस? पिरोगी गार होतायत."

"येते. पण खुर्ची इथेच राहू दे."

"अर्थात. खुर्चीला कोण हात लावतंय?"

"एक बाई आहे. टूसॉनची."

"तिला मी बघतो," एमिल म्हणाला.

वर जायचा जिना दुकानाच्या आतून होता. मरिसेलानं उंबरठा ओलांडला. दोन्ही बाजूंना मेणबत्त्या होत्या, चांदीच्या घंटा होत्या, काचेचे हंस होते, आणि काचेआड अ‍ॅकॉर्डियनवाला बेडूक, नेहमीसारखा दुःखी. तिनं त्याच्याकडे पाहिलं. काही म्हणजे काही घ्यावंसं वाटलं नाही. आणि वाटलं असतं तरी, हात कुठे मोकळा होता?